हेडफोन तोच, गाद्या तीन: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

"एवढ्या मोठ्या बाईला तीट कुणी लावली?" जूनच्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी विचारलं आणि मी आरशात बघितलं. कानामागे, मानेवर, चष्म्याच्या काडीवर काळे बारीक कण. उशीच्या अभ्र्यावरही तेच. हेडफोनच्या रेक्झिनच्या गाद्यांचे पापुद्रे सुटायला लागले होते.

काय काम करते ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं अतिरेकी वाटेल. मी ऑडिओबुकचं प्रूफ ऐकते. म्हणजे पुस्तक समोर उघडं ठेवायचं, वाचकाचं रेकॉर्डिंग कानात, आणि चुकलेला शब्द, गिळलेलं अक्षर, खुर्चीची कुरकुर, पोटातली गुडगुड, जे सापडेल त्याची वेळ लिहून ठेवायची. दिवसाला पाच-सहा तास. घर डोंबिवलीत, खोलीत एसी नाही, पंखाही काम करताना एकवर. हेडफोन चार वर्षांपूर्वीचा, बंद पाठीचा (म्हणजे कपांची बाहेरची बाजू बंद), कान पूर्ण झाकणारा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष एका कंपनीचा नसून त्या कृत्रिम कातड्याचा आहे. कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. हवेतला दमटपणा, घाम आणि उष्णता यांनी तो थर हळूहळू विघटित होतो आणि कापडापासून सुटतो. आमच्याकडच्या हवेत तर हे घडणारच. त्यात मी रोज केसांना तेल लावणारी. वापर नसला तरी सुटका नाही, डब्यात पडून राहिलेल्या हेडफोनच्या गाद्याही अशाच सोलतात. 'प्रोटीन लेदर' असं भारदस्त नाव दिसलं तरी हुरळू नका. ते मऊ असतं, पण कृत्रिमच.

हेडफोन आवाजाला अजून खणखणीत होता. फेकवेना. म्हणून पॅड बदलायचे ठरवले. अर्ध्या तासाचं काम वाटलं होतं, झाले आठ महिने.

पहिला जोड 380 रुपयांचा. मूळच्या गाद्यांसारखाच दिसणारा, रेक्झिनचाच. चढवताना अंगठ्याचं नख तुटलं, त्यामुळे युक्ती इथेच सांगते. बहुतेक गोल किंवा लंबगोल पॅडना मागे एक पातळ झालर असते आणि ती कपाच्या कडेच्या खाचेत बसवायची असते. सगळीकडून एकदम ओढायला गेलात तर एका बाजूला बसते तेव्हा दुसरीकडे निसटते, उशीला लहान अभ्रा घालताना होतं तसं. खालच्या बाजूने सुरुवात करा, झालर तिथे खाचेत अडकवा, मग मुदत संपलेलं एटीएम कार्ड खाचेत धरून ते कपाभोवती फिरवत न्या. झालर कार्डामागोमाग आपोआप आत बसते. पहिल्या कपाला मला पंचवीस मिनिटं लागली, दुसऱ्याला चार. काही हेडफोनमध्ये झालरीऐवजी प्लास्टिकची कडी असते आणि ती खटकन बसते, काहींत पॅड चिकटवलेला असतो. तेव्हा विकत घ्यायच्या आधी आपला जुना पॅड एकदा काढून बघा.

याच वेळी एक घोडचूक केली. जुन्या पॅडखाली, ड्रायव्हरच्या (हेडफोनमधल्या छोट्या स्पीकरच्या) समोर, स्पंजाची एक पातळ चकती होती. चार वर्षांत तिचा चिकट भुगा झालेला. मी कचरा समजून ती पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी कामाला बसले तर वाचकबाईंचा प्रत्येक 'स' आणि 'श' सुईसारखा टोचायला लागला. सुरुवातीला खापर त्यांच्यावरच फोडलं. दोन प्रकरणांमध्ये शिट्टीसारखा 'स' म्हणून एकतीस खुणा केल्या! मग जुनं, आधी पास केलेलं रेकॉर्डिंग लावलं, तर तेही टोचतंय. ती चकती धूळ अडवते हे खरं, पण वरच्या पट्टीचा आवाज थोडा मवाळही करते. हेडफोन बनवणाऱ्याने आवाज ठरवताना ती हिशेबात धरलेली असते. तशा चकत्या वेगळ्या विकत मिळतात, मागवल्या, बसवल्या, एकतीस खुणा निमूटपणे खोडल्या.

बाकी या पहिल्या जोडाबद्दल बोलण्यासारखं फारसं नाही. आवाज मूळच्या जवळपास होता, पण आतला स्पंज भुसभुशीत. तीन आठवड्यांत चपटा झाला आणि कानाची पाळी आतल्या जाळीला टेकायला लागली. तासाभराने कान असे दुखायचे की कुणी पिरगाळून ठेवलेत. पॅड घेताना सगळे बाहेरचं माप बघतात. मीही तेच केलं. बघायचं असतं आतल्या भोकाचं माप आणि खोली. माझा कान पट्टीने मोजला तर उभा 6.2 सेंमी, आणि त्या पॅडचं भोक जेमतेम 5.5. म्हणजे कान आत मावतच नव्हता, त्यावर बसत होता. शिवाय कुड्या. फिरकीचा दांडा मागे टोचतो, हे पॅडच्या जाहिरातीत कुठेच लिहिलेलं नसतं. कामाला बसताना कुड्या काढून वाटीत ठेवायची सवय तेव्हापासून लागली.

दुसरा जोड जुलैच्या सुरुवातीला घेतला. व्हेलूरचा, म्हणजे मखमली. 1,250 रुपये. घातल्या घातल्या जीव सुखावला. घाम नाही, चिकटपणा नाही, चष्म्याची काडी त्या लवीत अलगद रुतते, कानशिलावर दाब येत नाही. पाच तास झाले तरी हेडफोन डोक्यावर आहे याचा विसर पडायचा. नवऱ्याला म्हटलं, आता यातच म्हातारी होणार.

आवाज थोडा हलका झालाय असं वाटलं होतं, पण मी त्याला 'मोकळा' असं नाव देऊन समाधान करून घेतलं. मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका कादंबरीची चार प्रकरणं परत आली. शेरा होता: पूर्ण प्रकरणभर हम्, कळलं कसं नाही? मी पुन्हा ऐकलं. मला काही ऐकू येईना. संगणकावर स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज कधी आहे ते दाखवणारं चित्र, काढला, तर तळाशी 50 हर्ट्‌झवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत आखलेली सरळ रेघ, आणि तिच्यावर 100 वर एक फिकट रेघ. आपल्याकडच्या विजेची वारंवारता 50 हर्ट्‌झ. वाचकाच्या घरी कुठलीतरी वायर किंवा अर्थिंग बिघडलेलं असणार. कपाटातून जुना सोललेला पॅड काढला, एका कपाला चढवला, आणि त्या कानात घुंऽऽ असा आवाज स्पष्ट. दुसऱ्या कानात शांतता.

हे असं का होतं, ते मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं. बंद हेडफोनमध्ये ड्रायव्हर, पॅड आणि तुमचं डोकं मिळून एक छोटी बंद खोली तयार होते. खालच्या पट्टीचा आवाज म्हणजे त्या खोलीतल्या हवेचा दाब सावकाश कमीजास्त होणं. कुठे फट राहिली की दाब तिथून निसटतो आणि खर्ज गळून जातो, वरच्या पट्टीला मात्र फारसा धक्का लागत नाही. व्हेलूर म्हणजे विणलेलं कापड, त्यातून हवा आरपार जाते. माझा हेडफोन हवाबंद गादी गृहीत धरून बनवलेला, आणि मी त्याला खिडक्या पाडल्या होत्या.

यावरून व्हेलूरला वाईट ठरवू नका. बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी 770 प्रो हा हेडफोन बंद पाठीचाच आहे आणि कारखान्यातूनच व्हेलूरच्या गाद्या घालून येतो. त्याचा खर्ज तरीही दमदार, कारण त्याची आखणीच त्या गाद्या धरून केलेली. सेनहायझरचा एचडी 600 हा 1997 पासूनचा उघड्या पाठीचा हेडफोन, त्यालाही मखमली गाद्या, आणि त्या दबून चपट्या झाल्या की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि आवाज बदलतो, म्हणून तो वापरणारे लोक ठरावीक काळाने गाद्या बदलतात. कापड कुठलं यापेक्षा ते मूळच्या आखणीपासून किती दूर जातं, हे बघायला हवं.

व्हेलूरच्या गाद्या तशाच ठेवून इक्वलायझरमध्ये (आवाजाच्या पट्ट्या कमीजास्त करायच्या सोयीत) खर्ज 4 डेसिबलने चढवूनही पाहिला. सकाळी ठीक वाटायचं, दुपारी चष्मा पुसून पुन्हा घातला की वेगळं. फट किती पडते हे रोज बदलत असेल तर एकच आकडा लावून उपयोग काय? आठवडाभर झटापट करून नाद सोडला.

तपासायचा एक सोपा उपाय सांगते. 50 हर्ट्‌झचा सूर हळू आवाजात लावा आणि दोन्ही कप तळहातांनी किंचित दाबा. दाबल्यावर आवाज एकदम वाढला तर पॅडमधून गळती आहे. जवळपास तसाच राहिला तर पॅड नीट बसलाय. हेच चष्मा घालून आणि काढून करा. माझ्या जाड काडीच्या चष्म्याने रेक्झिनच्या पॅडलाही फट पडत होती, हे मला चार वर्षं माहीत नव्हतं. आता कामासाठी तारेच्या बारीक काडीचा वेगळा चष्मा आहे. खरं सांगायचं तर आवाजात जेवढा फरक तिसऱ्या पॅडने पडला, जवळजवळ तेवढाच या चष्म्याने पडला.

तिसरा जोड मेंढीच्या खऱ्या कातड्याचा, आत मेमरी फोम, 2,600 रुपये. गणपतीच्या आधी आठवडाभर आला. मागची बाजू जाड, पुढची पातळ, म्हणजे डावा-उजवा ठरलेला. मी पहिल्यांदा उलटे बसवले आणि अर्धा दिवस, वाचक माझ्या पाठीमागे उभा राहून वाचतोय, अशा थाटात ऐकलं. सरळ केल्यावर आवाज समोर आला. कातडं नरम, चष्म्याच्या काडीभोवती फोम स्वतःला वळवून घेतो, आणि 50 हर्ट्‌झचा सूर दाबून-सोडून सारखाच. परत आलेली चार प्रकरणं लावली. घुंऽऽ. इतका समाधानकारक त्रास आयुष्यात ऐकला नव्हता.

दोष आहेत. खर्ज मूळच्यापेक्षा थोडा जास्तच झालाय, भारदस्त पुरुषी आवाज किंचित घोगरे वाटतात. पहिले पंधरा दिवस मला प्रत्येक 'प' आणि 'भ' माइकवर फुटल्यासारखा वाटायचा, मग कान सरावला. पॅड जाड असल्यामुळे कप बाहेर ढकलले गेले आणि डोक्यावरची पकड वाढली. त्यावर उपाय म्हणून हेडफोन दोन जाडजूड शब्दकोशांच्या गठ्ठ्यावर दोन रात्री ताणून ठेवला. एकदम हाताने फाकवू नका, पट्टी मोडेल.

आणि बुरशी. गणपतीला आम्ही राजापूरला गेलो, हेडफोन कपाटात बंद. दहा दिवसांनी परत आले तर नवऱ्याचा पट्टा, माझी पर्स आणि माझे 2,600 रुपये, तिघांवर सारखीच पांढरी बुरशी. कोरड्या मऊ फडक्याने पुसली, सावलीत पंख्याखाली दिवसभर ठेवले, वास जायला चार दिवस लागले. आता पावसाळ्यात हेडफोन कपाटात नाही, भिंतीवरच्या खुंटीला. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात कान घामेजतात, हेही कबूल करते. दर तासाला पाच मिनिटं काढून ठेवते आणि सुती रुमालाने आतली कड पुसते. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावत नाही, रेक्झिनलाही लावू नये, थर लवकर तडकतो. अंबाडा घालून, तेलकट केस मागे बांधून मगच हेडफोन चढवायचा, हा घरातला नवीन नियम. सासूबाईंना तो पूजेच्या सोवळ्यासारखा वाटतो.

व्हेलूरचा जोड फेकलेला नाही. रविवारी गाणी ऐकताना तोच चढवते, तेव्हा मला 50 हर्ट्‌झशी काही देणंघेणं नसतं. बदलायला आता तीन मिनिटं लागतात. तो सौम्य साबणाच्या पाण्यात हाताने धुता येतो. मात्र पावसाळ्यात पूर्ण वाळायला दोन दिवस धरा. ओलसर गादी ड्रायव्हरवर चढवू नका.

आता फेब्रुवारी. कातड्याच्या डाव्या पॅडवर, चष्म्याची काडी टेकते तिथे, एक चकचकीत खळगा पडलाय. परवा 50 हर्ट्‌झची चाचणी घेतली तर डावीकडे दाबल्यावर आवाज अगदी किंचित वाढला, उजवीकडे नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तग धरेल असं वाटतंय. तोवर दर महिन्याच्या एक तारखेला चाचणी, आणि निकाल कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाच्या खाली.