युरॅक्सेस : युरोपात पीएचडी/पोस्टडॉक शोधणाऱ्यांसाठी (५ पैकी ४ स्टार)

युरोपात रिसर्चची नोकरी शोधत असाल तर ही साइट बघाच. युरोपियन कमिशनची आहे, ४० पेक्षा जास्त देशांतल्या जागा एकाच ठिकाणी, आणि पूर्ण फुकट. जाहिरात टाकायलाही विद्यापीठांना पैसे पडत नाहीत त्यामुळे माल भरपूर, पण निवडून घ्यावा लागतो.

दिसायला अगदीच सरकारी. फिल्टरमध्ये आर१ ते आर४ दिसेल, घाबरू नका, आर१ म्हणजे पीएचडी करणारे, आर२ म्हणजे पीएचडी झालेले पण अजून स्वतंत्र नसलेले, पुढचं सध्या आपल्या कामाचं नाही.

मला आवडते ती मात्र वेगळ्याच कारणासाठी. पाच-पन्नास जाहिराती सलग वाचल्या ना की कुठला देश तरुण रिसर्चरला नक्की काय देऊ करतो ते कळायला लागतं. आपण आधी विद्यापीठाचं नाव आणि रँकिंग बघतो (पाहुण्यांना सांगायलाही तेच बरं पडतं), पण खरा मुद्दा खाली कॉन्ट्रॅक्टच्या ओळीत असतो. नेदरलँड्समध्ये बहुतेक पीएचडीवाले विद्यार्थी नाही तर कर्मचारी, ४ वर्षं, वर ८ टक्के सुट्टीचा भत्ता आणि वर्षाअखेरीस ८.३ टक्के बोनस, हे सगळं जाहिरातीतच लिहिलेलं. नॉर्वेत ३ वर्षं, शिकवण्याचं काम जोडून असेल तर ४. आणि इकडे नेट-सेट, पीएचडी सगळं करून सीएचबीवर (तासिका तत्त्वावर शिकवणं) तासाप्रमाणे पैसे, उन्हाळ्याच्या सुट्टीत तेही नाहीत. मग पोरं बाहेर का बघतात म्हणून विचारायचं!

जर्मनीच्या जाहिरातीत टीव्ही-एल ई१३ (तिथली एक सरकारी पगारश्रेणी) दिसलं की लगेच खूश होऊ नका. पगाराचं टेबल नेटवर मिळतं, पण पुढे ५० टक्के किंवा ६५ टक्के लिहिलंय का ते बघा, पगार तेवढाच येणार आणि लॅबमध्ये मात्र पूर्ण दिवस. शिवाय तिकडच्या कायद्याने साधारण ६ वर्षं पीएचडीआधी आणि ६ नंतर एवढंच टेम्पररी ठेवता येतं, मग कायम व्हा नाहीतर बाहेर, २०२१ मध्ये तिथल्या रिसर्चर लोकांनी यावरूनच #इशबिनहाना ("मीच हाना", हाना म्हणजे या कायद्यावरच्या सरकारी व्हिडिओतली काल्पनिक रिसर्चर) म्हणत ट्विटरवर रान उठवलं होतं.

मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या (युरोपियन युनियनच्या पैशावर चालणाऱ्या पीएचडी योजनेच्या) जागाही इथे येतात. त्यात अट अशी की ज्या देशात जायचंय तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ पेक्षा जास्त महिने राहिलेले नकोत, म्हणजे थेट भारतातून अर्ज करणाऱ्याला अडचणच नाही.

एक स्टार कापला तो "पगार नियमानुसार" एवढंच लिहिणाऱ्या जाहिरातींसाठी, आणि १२ महिन्यांच्या पोस्टडॉकसाठी, "मुदत वाढण्याची शक्यता" म्हणे. लग्न झालेल्या, मूल असलेल्या माणसाने त्या शक्यतेवर घर हलवायचं का?

ईमेल अलर्ट लावून ठेवा, अर्ज शक्यतो विद्यापीठाच्या पानावर जाऊनच करा, आणि डेडलाइन तिकडच्या वेळेची असते.