कोलिनाइट ८८५ फ्लीटवॅक्स : गडद निळ्या फायबर बोटीला लावून बघितलं, घ्यावं का?

घ्या, बिनधास्त घ्या. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, उडालेला रंग परत आणायचं काम ह्या मेणाच्या (वॅक्सच्या) डब्याचं नाही, आणलेला रंग टिकवायचं आहे. पांढऱ्या पडलेल्या बोटीवर थेट चोळलात तर पैसे पाण्यात गेले म्हणून समजा.

आमच्या कोल्हापुरातल्या तालमीची बोट नेव्ही ब्लू रंगाची, फायबरची. २०१९ च्या महापुरानंतर पेठेत वर्गणी काढून घेतली. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाची इशारा पातळी आली की आम्ही ट्रेलर बाहेर काढतो आणि नदीजवळच्या जामदार क्लबकडं पाणी चढायला लागलं की बोट पाण्यात. २०२१ च्या पुरात तिनं लई काम केलं. पण बाकीचं वर्षभर ती तालमीच्या मागं मोकळ्या जागेत उभी असायची आणि तिथं दुपारपासनं दिवस मावळेपर्यंत नुसतं ऊन. त्यामुळं पश्चिमेकडची बाजू आधी गेली, निळ्याचा राखाडी झाला आणि तळवा फिरवला की फळ्यावरच्या खडूसारखी भुकटी हाताला. तालमीच्या नावाचं जुनं स्टिकर बदलायला म्हणून काढलं तर खाली सगळी अक्षरं मूळ गडद निळ्यात तशीच्या तशी, तोंड बघून घ्यावं अशी चकचकीत, आणि आजूबाजूला सगळं मळकट. स्टिकरनं जेवढं ऊन अडवलं तेवढाच रंग वाचला होता. सगळा विषय तिथंच कळला.

फायबर बोटीवर वरचा रंगीत थर असतो तो जेलकोट, म्हणजे रंग मिसळलेलं रेझिनच, साधारण अर्धा मिलिमीटर जाड. उन्हातल्या अतिनील किरणांनी ह्या रेझिनचा वरचा पापुद्रा तुटत जातो, बारीक छिद्रं पडतात, भुकटी सुटते आणि ती भुकटी उजेड विखुरते म्हणून रंग पांढरट दिसतो. पांढऱ्या बोटीचंही हेच होतं पण पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. गडद रंग वरनं ऊन जास्त शोषतो आणि तापतो पण जास्त. एप्रिल-मेत दुपारी आमच्या बोटीवर हात ठेवून दाखवा कुणीतरी. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर, त्यामुळं आपल्याकडं गडद बोट घेणाऱ्यानं देखभाल धरूनच चालायचं.

आधी आम्ही बोट एका कार डिटेलिंगवाल्याकडं दिली होती. परत आली तेव्हा लई भारी दिसत होती, सगळे खूश, पण पहिले दोन पाऊस पडले आणि पांढरे ढग परत वर आले. त्यानं भुकटी काढलीच नव्हती, छिद्रं भरणारं तेलकट ग्लेझ वरनं मारलं होतं. लोकांच्या वर्गणीचा पैसा असा जातो तेव्हा राग येतो. म्हणून तुम्ही कुणाकडनंही काम करून घेतलं तर काम झाल्यावर तेल-मेण विरघळवणाऱ्या द्रवाच्या, म्हणजे सॉल्व्हंटच्या फडक्यानं एक कोपरा पुसून बघा, खालनं पांढरं निघालं तर पैसे देऊ नका.

आता खरं काम. पहिल्यांदा बोट भरपूर पाण्यानं धुवायची. पुराच्या पाण्यातनं आलेली असेल तर आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं गाळ सोडवायचा, सुका चिखल फडक्यानं घासलात तर गडद रंगावर प्रत्येक चरा दिसतो. मग गाडी धुवायचा सौम्य शाम्पू. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर पातळ केलेल्या व्हिनेगरनं जातात, लगेच धुवून टाकायचं. ॲसिड, ब्लीच हे काय जवळ आणू नका. धुतल्यावर ओली असतानाच बघा, ओल्या अंगावर रंग मूळचा दिसला तर जेलकोट अजून शाबूत आहे, पॉलिशनं परत येतो, कारण पाण्यानं तेवढ्यापुरती छिद्रं भरलेली असतात. ओली करूनही फिक्कीच दिसली तर आधी १००० नंबरच्या पॉलिशपेपरनं पाणी मारत घासायला लागतंय, मग १५००, मग २०००, आणि हे काम माहितगार माणसाकडनंच करून घ्या.

आमची कंपाउंडवर, म्हणजे वरचा खराब पापुद्रा घासून काढणाऱ्या पेस्टवर भागली. तालमीतला एक जण उद्यमनगरात फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपला आहे, त्यानं स्पीड कमी-जास्त करता येतो असं पॉलिशिंग मशीन आणलं. साध्या अँगल ग्राइंडरला बफ लावून कुणी करत असेल तर थांबवा त्याला, तो मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या वर फिरतो, जेलकोट जळतो. आपल्याला हजार ते दीड हजार आरपीएम पुरे, लोकरीचा पॅड, मशीन एका जागी थांबवायचं नाही, आणि कडांवर हातानंच, कारण कडेला जेलकोट पातळ असतो. त्यानंतर फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश, हे टाळू नका, लोकरीच्या पॅडनं पडलेल्या गोल-गोल रेघा पांढऱ्या बोटीवर चालून जातात, नेव्ही ब्लूवर उन्हात गेल्या गेल्या दिसतात. हे सगळं सावलीत. तापलेल्या अंगावर कंपाउंड जागेवर वाळून बसतं.

आणि मग डबा उघडायचा. ८८५ हे कार्नोबा मेणावरचं (एका पाम झाडाच्या पानांचं मेण) पेस्ट वॅक्स आहे, घट्ट, सॉल्व्हंटचा उग्र वास येतो, तेव्हा मोकळ्या हवेतच लावा. फोमचा छोटा पॅड किंचित ओला करून घ्यायचा, अगदी थोडं वॅक्स, दोन फूट बाय दोन फुटाचा तुकडा. जाड थर दिला म्हणून संरक्षण जास्त मिळत नाही, नुसतं पुसायला दम लागतो. पूर्ण वाळायच्या आत, हाताचं बोट लावल्यावर जरा चिकटतंय असं वाटत असतानाच मायक्रोफायबरनं पुसून घ्यायचं. ह्या वॅक्सची हीच खोड आहे, विसरून चहाला गेलात की घट्ट बसतं आणि मग घासा बसून. एक जण लावणारा आणि मागोमाग एक जण पुसणारा अशी जोडी पाहिजे. दुसरा कोट आम्ही दुसऱ्या दिवशी दिला आणि त्यानंच रंगाला खोली आली. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पश्चिमेच्या बाजूवर समोरच्या भिंतीच्या विटा मोजता येत होत्या. नाद खुळा! शेजारची म्हातारी माणसं पण येऊन हात फिरवून गेली.

टिकतं किती? उन्हातल्या बाजूला एक उन्हाळा निभावतं, सावलीकडच्या बाजूला त्यापेक्षा जास्त. वॅक्सचा थर स्वतः झिजून जेलकोट वाचवतो, त्यामुळं तो परत द्यायलाच लागतो. पाणी मारल्यावर थेंब गोळा व्हायचे बंद झाले, पाणी नुसतं पसरायला लागलं की वेळ झाली. आम्ही दिवाळीनंतर एकदा आणि शिमग्याच्या आधी एकदा असं धरलंय. वॅक्स वेळेवर असलं की कंपाउंड परत मारायला लागत नाही, आणि खरी बचत तीच, कारण प्रत्येक कंपाउंडला तो अर्धा मिलिमीटर थोडा थोडा कमी होत असतो. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं हे खरं, पण त्याचा खर्च मोठा आणि खालची तयारी एवढीच करायला लागते, तालमीच्या बजेटला हेच परवडतं.

तक्रारी आहेत. डबा इम्पोर्टेड, स्वस्त नाही, पण थोडंच लागत असल्यानं पुरतो बराच. कडेच्या काळ्या रबरी पट्टीवर लागलं की पांढरे डाग बसतात, आधी मास्किंग टेप मारा. जिथं जेलकोटचा पॅच मारायचा असेल तिथलं वॅक्स आधी सॉल्व्हंटनं पूर्ण काढा, नाहीतर पॅच धरत नाही. आणि बोट जेलकोटची नसून टू-पॅक (दोन डबे मिसळून मारायचा) पॉलियुरेथेन पेंट मारलेली असेल तर वरचं कंपाउंडचं सगळं विसरा, तो थर लई पातळ असतो, पेंट बनवणारी कंपनी सांगेल तेवढंच करा.

वॅक्सच्या जोडीला सावली पाहिजेच. आम्ही आता ट्रेलरवर पत्र्याचं शेड मारलंय. कापडी कव्हर घालणार असाल तर हवा खेळणारं घ्या, प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधली तर आत दमटपणा कोंडतो आणि वाऱ्यानं फडफडून चरे पडतात ते वेगळंच.

माझ्याकडनं पाचात साडेचार. आणि जी मंडळं पुरासाठी बोट ठेवतात त्यांनी हे नीट वाचा, वॅक्स फक्त बाहेरच्या अंगाला. आतल्या तळाला, बसायच्या फळीला आणि लोक चढताना पाय देतात त्या काठाला चुकूनही लावू नका. पुरात ओल्या पायानं, काखेत पोर घेऊन माणसं चढत असतात, तिथं घसरायला नको.