डीएचएन-६ नेपियर : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

निपाणीजवळच्या मळ्यात गेल्या जूनमध्ये १० गुंठ्यांवर आम्ही डीएचएन-६, म्हणजे धारवाडच्या चारा संशोधन केंद्राने विकसित केलेले ‘संपूर्णा’ हे संकरित नेपियर, म्हणजे जनावरांच्या हिरव्या चाऱ्याचे उंच गवत, लावले. या गवताचे बी रुजत नसल्याने दोन डोळ्यांच्या सुमारे १९०० कांड्या ३ बाय २ फुटांवर लावाव्या लागल्या. वाण उत्तम आहे. फुटवे भरपूर येतात आणि पाने मऊ असतात. परंतु त्याचा खरा गुण कापणीच्या वयावर अवलंबून आहे, हे मला उशिरा उमगले.

पहिली कापणी ७५ व्या दिवशी केली आणि त्यानंतर ४५ दिवसांनी पुन्हा फिरता येईल अशा बेताने रोज एकेक पट्टा कापत गेलो. तोवर तीन म्हशींच्या गव्हाणीत काहीच उरत नसे. पुढे कारखाने सुरू झाले, शिवारात उसाचे वाडे (तोडणीत निघणारे हिरवे शेंडे) मुबलक मिळू लागले आणि नेपियर तसेच उभे राहिले. ऐंशी दिवसांचे झालेले ते गवत कापले तेव्हा ढीग दीडपट भरला आणि मला आनंदही झाला. पण कुट्टी करूनही म्हशींनी खालची दांडकी शिल्लक ठेवली आणि आठवड्याभरात दूध घटले. वय वाढते तसे पानांचे प्रमाण घटते, खोडात लिग्निन हा न पचणारा कठीण घटक साठतो, प्रथिने आणि पचनीयता दोन्ही उतरतात. वजन काट्यावर दिसते, ही हानी मात्र दिसत नाही.

उलट टोकही बरे नव्हे. अगदी कोवळ्या नेपियरमध्ये ऑक्झलेट अधिक असते आणि ते कॅल्शियम बांधून ठेवते. वाड्यांतही तेच असल्याने दोन्ही एकत्र घालणे मी बंद केले असून सोबत ज्वारीचा कडबा आणि खनिज मिश्रण देतो. शिवाय फार लवकर कापल्यास बुंध्यातील साठा भरून येत नाही आणि पुढचा फुटवा बारीक येतो.

थंडीत वाढ मंदावते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत ४५ दिवसांचा हिशेब चालत नाही. तेव्हा दिवसांपेक्षा गवताची उंची आणि खोडाचा कठीणपणा पाहावा. कापताना ४ ते ६ इंच बुंधा ठेवावा आणि लगेच पाणी व युरिया द्यावा. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात हे लावू नये. दोनच जनावरे असतील तर १० गुंठे जास्त होतात, कारण शेवटच्या पट्ट्यापर्यंत पोहोचेतो तो जून झालेला असतो. अशांनी ६ गुंठेच लावावेत.