गंगापूर धरणावरच्या बोटीचे बुकिंग : आमची झालेली फसवणूक

३० एप्रिल २०२५ रोजी, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, आम्हा अकरा मित्रमैत्रिणींची २४,००० रुपयांची फसवणूक झाली. सगळे व्यवहार मी केले आणि पैसेही माझ्याच खात्यातून गेले, म्हणून घडले ते जसेच्या तसे लिहीत आहे. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी असल्यामुळे पुण्या-मुंबईला नोकरी करणारे आमचे शाळासोबती सणाला नाशिकला येणार होते. सकाळी पितरांची घागर भरावी, घरी आमरस-पुरणपोळीचे जेवण करावे आणि चार वाजल्यापासून तीन तास गंगापूर धरणावर बोट घेऊन एकत्र बसावे, असे ठरले.

इन्स्टाग्रामवर एक पान सापडले. वेताच्या छपराची मोठी बोट, वर दिव्यांच्या माळा, बोटीवरच जेवण आणि गाणी, भाडे १६,००० रुपये. तो फोटो मी नंतर कितीतरी वेळा पाहिला. त्यात काठावर नारळाची दाट झाडे आहेत आणि पाणी थेट हिरवळीला टेकलेले आहे. गंगापूरच्या काठी अशी नारळाची राई नाही, आणि एप्रिलअखेर साठा उतरलेला असल्याने तिथे पाण्याअगोदर भेगाळलेल्या मातीचा रुंद पट्टा लागतो. तो फोटो केरळमधल्या हाऊसबोटीचा होता. शिवाय जे धरण शहराला पिण्याचे पाणी पुरवते, त्यावर कोणी खासगी माणूस गाणी लावून जेवणावळी कशा घालू शकेल, हा प्रश्न जन्माने नाशिककर असलेल्या आम्हा अकरांपैकी एकालाही पडला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

फोनवरचा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. "दादा, सणाचा दिवस आहे, अजून तीन पार्ट्या विचारतायत, तुम्ही आत्ता निम्मे टाकले तर बोट तुमच्या नावावर ठेवतो," असे तो म्हणाला आणि मी ८,००० रुपये पाठवले. पाठवण्यापूर्वी पडद्यावर खातेदार म्हणून एका बाईचे नाव उमटले होते. त्या पानाच्या नावाशी त्याचा काहीच मेळ नव्हता. मी विचारले, तर "वहिनींचं खातं आहे" असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. दोन दिवसांनी लाइफ जॅकेटची परत मिळणारी अनामत म्हणून आणखी ४,००० रुपये गेले. बोटीच्या नोंदणीचा आणि तपासणीच्या प्रमाणपत्राचा फोटो मागावा, हे मात्र सुचले नाही. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यांत्रिक बोटीला ही दोन्ही कागदपत्रे लागतात आणि खऱ्या बोटवाल्याला ती दाखवायला अडचण नसते.

सणाच्या दिवशी त्याने पाठवलेले लोकेशन खरड छाटणी झालेल्या एका द्राक्षबागेच्या कुंपणापाशी संपले. उन्हात तीन गाड्या उभ्या, डब्यांत घरून आणलेल्या पुरणपोळ्या, आणि फोन लागत नव्हता. पाऊण तासाने त्यानेच फोन केला. इंजिन बिघडले आहे, लगेच सगळे पैसे परत करतो, असे सांगून त्याने क्यूआर कोड पाठवला. मी तो स्कॅन केला, १२,००० हा आकडा दिसला, पिन टाकला आणि तेवढीच रक्कम माझ्या खात्यातून पुन्हा गेली. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. आपल्या खात्यात पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. हे मला ठाऊक होते, पण अकरा जणांचा दिवस वाया गेल्याच्या अपराधी भावनेत पैसे लवकर परत मिळावेत एवढेच मनात होते.

तिथूनच मैत्रिणीने १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला. बँक, तारीख, वेळ, रक्कम आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक एवढे त्यांनी विचारले. हा क्रमांक यूपीआयच्या व्यवहाराच्या तपशिलात असतो, तो हाताशी ठेवूनच फोन करावा. त्याच रात्री राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्क्रीनशॉटसह तक्रार नोंदवली. शेवटचे १२,००० रुपये पुढच्या खात्यात गोठवले गेले, कारण तक्रार तासाभरात झाली होती. आधीचे १२,००० मात्र केव्हाच काढून घेतलेले होते. मित्रांनी आपापला वाटा मला आणून दिला. मी नको म्हणालो, तरी कोणी ऐकले नाही.

मे महिन्याच्या अखेरीस त्याच फोटोचे, त्याच नारळाच्या झाडांचे दुसरे पान मला दिसले. नाव नवे होते, मोबाइल क्रमांक नवा होता, आणि आता भंडारदऱ्याला काजवे पाहायला येणाऱ्यांसाठी रात्रीची बोट, निम्मे पैसे आगाऊ, असे त्यावर लिहिले होते. त्या पानाची तक्रार मी केली आहे.