सिंगल-स्टेज प्रेस आणि .308 चा डाय-सेट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बोल्ट-अॅक्शन शिकारी रायफलीसाठी .308 विंचेस्टर काडतुसांच्या उडवलेल्या केस (पितळी नळकांडी) पुन्हा भरायला सिंगल-स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारा), फुल-लेंग्थ डाय-सेट (अख्खी केस दाबून मापात आणणारे साचे), डिजिटल वजनकाटा आणि कंपॅरेटर (केस व बुलेटवरच्या ठरावीक जागेपर्यंतची लांबी मोजायचं साधन) हा संच आठ महिने वापरात आहे. खरा फरक काट्याने पडला नाही, डाय कसा बसवला त्याने पडला.

डायसोबतच्या पत्रकात सहसा असतं की डाय केस धरणाऱ्या शेल होल्डरला टेकेपर्यंत खाली घ्या आणि मग आणखी पाव फेरा खाली द्या. तसं केलं की बऱ्याच रायफलींत केसचा खांदा (मानेखालचा उतार) गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला जातो. मग केस चेंबरमध्ये सैल बसते, दर बाराला ताणली जाते आणि तळाच्या जाड भागाच्या जरा वर आतून पातळ होते. पुढे तिथेच तुटते. बाहेर चकचकीत कडं दिसेपर्यंत थांबू नये. पेपरक्लिप सरळ करून टोक काटकोनात वाकवा, आत घाला आणि तळापासून भिंतीला घासत वर ओढा. खाचेत अडकलं तर केस बाद.

त्याऐवजी उडवलेल्या केसचा खांदा कंपॅरेटरने मोजा, डाय थोडा थोडा खाली घ्या आणि खांदा 0.05 मिमी मागे गेला की लॉक रिंग आवळा. मधल्या टप्प्यात खांदा उलट पुढे सरकलेला मोजतो. ती चूक नव्हे. बाजू दाबल्यावर पितळ पुढेच पळतं. नुसती मान साइझ करण्याचा (दाबून मापात आणण्याचा) मोह शिकारीच्या रायफलीला नको, कारण काही बारांनंतर बोल्ट जड लागायला लागतो आणि जंगलात ते परवडत नाही.

वंगण कमी पडलं तर केस डायमध्ये अडकते, जास्त झालं तर खांद्यावर पोचे पडतात. साइझिंगनंतर ते पूर्ण पुसायलाच हवं. या सेटमधला एक्सपांडर बॉल (मान आतून मापात रुंद करणारी गुंडी) कोरड्या मानेतून करकरत वर येतो आणि मान वाकडी करतो. मानेत आतून नायलॉन ब्रशने किंचित वंगण फिरवलं की रनआउट (मानेचा वाकडेपणा) लगेच कमी होतो. केसची लांबी 51.18 मिमीच्या वर गेली की 50.93 ला कापायची आणि तोंडाच्या कडेची धार आतबाहेर मोडायची.

काटा ठीक आहे. अर्धा तास आधी चालू ठेवावा, पंखा बंद करावा, मधूनमधून प्रमाण वजन ठेवून पाहावं. 0.1 ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅम, नुसत्या झुळुकीनेही तेवढा आकडा हलतो. पावडरचं प्रमाण मात्र फक्त उत्पादकाच्या छापील तक्त्यातून, सुरुवातीच्या आकड्यापासून आणि तक्त्यात दिलेल्याच बुलेटच्या वजनाला घ्यावं. बोल्ट उचलायला जड गेला किंवा केसच्या तळावर इजेक्टरची (केस बाहेर फेकणाऱ्या खिळीची) खूण उमटली की तिथेच थांबून मागे यायचं. सगळ्या केस भरल्यावर बुलेट बसवण्याआधी टॉर्चने प्रत्येकीत डोकावून पातळी बघा. हे एकदाही चुकवू नये.

बुलेट किती खोल बसली हे टोकापासून मोजू नका; मऊ टोकं एकाच डब्यातही कमीजास्त असतात. केसच्या तळापासून ओजाइव्हपर्यंत (बुलेटच्या निमुळत्या वळणापर्यंत) कंपॅरेटरने मोजा. नळीच्या खाचांजवळ जाण्याच्या नादात काडतूस मॅगझिनमध्ये बसेनासं होतं, म्हणून शिकारीसाठी आधी मॅगझिनची लांबी, मग बाकी सगळं.

तीन बारांच्या ग्रुपवर (एकाच नेमावर पडलेल्या छिद्रांच्या झुबक्यावर) भरवसा ठेवू नये, तो सहज फसवतो. पाच बारांचे दोन-तीन ग्रुप तरी हवेत. 100 मीटरवर 29 मिमी म्हणजे कोनाचं एक मिनिट (अंशाचा साठावा भाग); शिकारीला तेवढं टिकलं तर आणखी छेडछाड नको.

प्रेसची एकच खरी तक्रार आहे: जुन्या प्रायमरची (केसच्या तळातल्या ठिणगी-टोपीची) काजळी रॅमवर (प्रेसच्या वरखाली होणाऱ्या दांड्यावर) पडते. दर शंभरेक केसनंतर रॅम पुसून तेलाचा एक थेंब दिला नाही तर हँडल खरखर करू लागतं.