ओपनएमआरएस (पेशंटच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर): खानापूरच्या आमच्या दवाखान्यात वापरतोय
आधीच्या सॉफ्टवेअरमधे बिलिंगवाल्याला पण एचआयव्हीचा रिपोर्ट दिसायचा, गाव लहान, सगळे ओळखीचे, मला ते अजिबात पटत नव्हतं. ओपनएमआरएस फुकट आहे, 2004 पासून चालू, रोल (कुणाचं काम काय) आणि प्रिव्हिलेज (काय बघायची, करायची परवानगी) देता येतात, एन्काउंटर टाइपला (पेशंटच्या भेटीच्या नोंदीचा प्रकार) पण वेगळं व्ह्यू प्रिव्हिलेज लावता येतं. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे नवीन मॉड्यूल (वरून जोडायचा भाग) टाकलं तरी ते सर्व्हिस लेअरमधून (डेटाबेसच्या आधीचा ओपनएमआरएसचा थर) गेलं की लॉगिन केलेल्याला परवानगी आहे का ते आधी तपासतंय. प्रॉक्सी प्रिव्हिलेज घेऊन मॉड्यूलला तात्पुरती जादा परवानगी मिळते, काम झालं की ती काढायलाच पाहिजे, कोड लिहिणाऱ्याला हे विचारा की. ही तपासणी टाळून थेट डेटाबेसमधे हात घालणारं मॉड्यूल असलं तर घेऊच नका!! सेटअपला जाणकार माणूस लागतो मात्र. पाचपैकी चार स्टार.