टिपांचं 'हॅम्लेट': जुने शब्द सुटतात, ओळखीचे फसवतात

सांगलीत कॉलेजच्या पुस्तकांबरोबर मिळणारी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाची ही आवृत्ती. डावीकडे मूळ संवाद, उजवीकडे टिपा. मागची सूची धुंडाळावी लागत नाही. बांधणी मात्र नुसती चिकटवलेली, उलटी दुमडली की पानं सुटतात.

जुने शब्द छान सोडवलेत. तिसऱ्या अंकातल्या प्रसिद्ध स्वगतातला 'क्वायटस' म्हणजे हिशेब चुकता झाल्याची पावती. हळदीच्या पेठेतला माणूस सरळ 'खातं बेबाक' म्हणेल! आयुष्याचं खातं बेबाक करायला पुरतो तो 'बॉडकिन', दाभणासारखा टोकदार खंजीर. 'फार्डल्स' म्हणजे पाठीवरची बोचकी.

घोळ होतो तो ओळखीच्या शब्दांत. पहिल्या अंकात भुतामागे निघालेला हॅम्लेट 'लेट्स' म्हणतो ते 'अडवतो' या अर्थी. आजचा 'जाऊ देतो' धरला की वाक्य उलटंच होतं. 'प्रेझेंटली' म्हणजे 'ताबडतोब'. दोन्हींना टीप नाही. आवृत्तीचे दोन गुण इथेच गेले.

वाचताना उजवं पान झाकून आधी प्रवेश मोठ्यानं म्हणा, अडेल तिथे पेन्सिलीची खूण करा, मग टीप बघा. शेजारी टेंभूच्या आगरकरांचं 'विकारविलसित', म्हणजे 'हॅम्लेट'चं जुनं मराठी भाषांतर, ठेवलंत तर उत्तम, फक्त त्या मराठीलाही आता शब्दकोश लागतो.